रोवण्याचं सर्टिफिकेट

परसवाड्याच्या मयुरीला समुद्रकाठच्या खारफुटीत फील्डवर्क करायचं होतं. संधी देशभरातल्या विद्यार्थ्यांना खुली होती. मुलाखत मोबाईलवर व्हिडिओ कॉलने होती आणि नेटवर्क फक्त धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर होतं.

"गुडघाभर चिखलात चालण्याचा अनुभव?" किनाऱ्यावरच्या संस्थेतल्या मॅडमनी विचारलं.

"दरवर्षी रोवणा करते."

मॅडमनी आदराने लिहून घेतलं. "हा कोर्स कुठल्या संस्थेचा? सर्टिफिकेट लागेल."

"मॅडम, रोवणा म्हणजे धानाची लावणी."

"म्हणजे मान्यताप्राप्त नाही," मॅडम हळहळल्या. "आमच्याकडच्या मुलांनी चिखलाची दोन दिवसांची कार्यशाळा केलेली असते. त्यांनाच घ्यावं लागतं."

बांधीत वाकून रोवणा लावणारी मयुरीची आई, सरिता, उभी राहिली. "चिखलाचं सर्टिफिकेट मांगून राह्यली काय ते?" तिने चिखलाच्या हाताने फोन घेतला. "बाई, तुमच्या त्या पोराईले इकडे पाठवा. दुपारपर्यंत वाकून दाखवा म्हणा, मग मीच देतो सर्टिफिकेट. मयुरीले तं आत्ताच देतो."

मॅडमनी पुन्हा पेन उघडलं. "देणाऱ्याचं पद लिहावं लागेल. आपलं पद?"

सरिताने खाली आपल्या पायांकडे पाहिलं. "दोन्ही चिखलात हायेत," ती म्हणाली आणि फोन कापला.

मग मायलेकी मान्यता नसलेल्या चिखलात पुन्हा वाकल्या.