दुसरी पिशवी

दातांच्या डॉक्टरीणबाई स्वच्छतेच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नसत. एका पेशंटकडून कावीळ घेऊन अंथरूण धरलं, तेव्हापासून तर त्यांनी कहरच केला. दातात भरलेलं मऊ सिमेंट निळ्या उजेडाने कडक करायचा एक दिवा असतो. त्याच्या टोकावर दर पेशंटला प्लॅस्टिकची नवी पिशवी चढवायची असते. बाई दोन चढवत. रोज सकाळी त्या दिव्याचा उजेड मीटरवर मोजत, पण उघड्या दिव्याचा. पिशव्या घालून मोजावं हे इतक्या शिकलेल्या बाईच्या डोक्यात कधी आलंच नाही.

आज खुर्चीत त्यांचा थोरला भाऊ होता. बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवून मिळणाऱ्या पैशांतून त्याने बहिणीला डॉक्टर होईपर्यंत शिकवलं होतं. वाजवताना वाद्य ज्या वरच्या दाताला टेकतं, तो बाईंनीच भरला होता, आणि आता तो हलत होता. बाईंनी कडेने दात तपासायची सुई घातली. वरून टणक दिसणारं सिमेंट आत मेणासारखं मऊ होतं, आणि त्याखाली दात मुळापर्यंत किडला होता.

बाईंनी सुई ठेवून दिवा उचलला आणि पिशव्यांसकट मीटरवर धरला. काटा निम्म्यावरही जाईना. पिशव्या ओरबाडून काढल्या, तसा तो थेट टोकाला गेला.

"काय गं चिमे, वाचेल ना?"

"नाही दादा. काढावा लागेल. हाडही गेलंय, खोटा दात वाद्याचा भार घेणार नाही." मग त्यांनी पिशव्यांचं सगळं सांगून टाकलं. "माझ्यामुळे गेला रे. दुखत नव्हता का?"

"फुंकलं की कळ मस्तकात जायची. बँडवाले म्हणाले, दुसऱ्या डॉक्टरला दाखव. म्हटलं, सख्खी बहीण असताना दुसऱ्याकडे कशाला जाऊ? तू भरलायस म्हणजे दात ठीकच असणार, माझंच वय झालंय."

तो चिडला असता तर बाईंना बरं वाटलं असतं. तो नुसता क्लॅरिनेट वाजवणाऱ्या आपल्या हातांकडे बघत बसला. त्या हातांना आता काय काम द्यायचं, हे दोघांनाही सुचत नव्हतं.

"चल, काढून टाक," तो शेवटी म्हणाला. "आणि शेजारच्या दातालाही हल्ली कळ लागते. तोही तूच भरलायस, तेवढा बघून घे."

त्याने विश्वासाने तोंड उघडलं. बाईंनी सुई उचलली, पण त्या दाताला लावायचा धीर त्यांना होईना.