पारगेटरची शिटी

लायनेल पारगेटरला लोक घाबरत, आणि त्याला ते आवडत असे. तेहतीस वर्षं त्याने रंगभूमीवर काढली, चौदा सिनेमांत बटलर नाहीतर बिशप झाला, आणि प्रत्येक मुलाखतीत तोच एक किस्सा चवीचवीने सांगितला. १९५१ साली तो ब्रिस्टलला बदली नट होता. मुख्य नट ह्यू कार्डेलची गाडी चुकली आणि तो ‘हाफ’ पुकारल्यावर चार मिनिटांनी धापा टाकत पोचला. पडदा उघडायच्या पस्तीस मिनिटं आधी हाफ पुकारतात. तेव्हा जो थिएटरच्या आत नाही, त्याचं काम बदली नट करतो. लायनेल कार्डेलचा भूमिकेतला कोट चढवून तयारच होता. “नियम म्हणजे नियम, कार्डेल. घरी जा, सूप पी, झोप,” असं त्याने सुनावलं. त्या प्रयोगाने लायनेलचं नाव झालं. कार्डेलला पुढे कोणी विचारलं नाही, पण किस्स्यात तेवढा भाग नसे.

आता १९८४च्या फेब्रुवारीत, यॉर्कशरमधल्या कॅल्डरबी गावी, त्याचा स्वतःचा बदली होता विल्फ हार्कनेस. वय चोपन्न. तीन महिने बिचारा रोज येऊन बसे, सगळी भूमिका तोंडपाठ, आणि रंगमंचावर एकदाही पाय नाही. लायनेल येताजाता त्याला टोचे.

“काय रे विल्फ, मी मरायची वाट बघतोयस? मी शवपेटीतून उठून येईन, पण तुला माझा कोट घालू देणार नाही.”

“मी कुठे काय म्हणालो, मिस्टर पारगेटर?”

“म्हणणार काय तू? तुला तोंड आहे कुठे!”

शुभअशुभाच्या बाबतीतही हा माणूस भलताच कडक. पडद्यामागे शिटी वाजवायची नाही. वाजवलीच, तर रस्त्यावर जायचं, स्वतःभोवती तीन गिरक्या घ्यायच्या, दार ठोठावायचं, आणि ज्याने शिटी ऐकली तो “या” म्हणेपर्यंत थांबायचं. मागच्याच आठवड्यात डिलिस नावाच्या नव्या नटीने चुकून शिटी वाजवली, तर याने तिला बर्फात वीस मिनिटं उभं केलं. दारावरचा म्हातारा ऑडी कडी काढायला उठला, तर त्याच्या अंगावर ओरडला, “शिटी मी ऐकली आहे! दुसऱ्या कोणी दाराला हात लावायचा नाही!”

त्या संध्याकाळी सातला दहा कमी असताना ऑडीच्या खोलीत लायनेलचा फोन आला. त्याची कामं बघणारा एजंट लंडनहून बोलत होता. सिनेमाचा दिग्दर्शक आज प्रयोगाला येऊन बसतोय, फक्त लायनेलसाठी. मुख्य भूमिका. बटलर नाही, बिशप नाही. आज आवडलास, तर तूच.

लायनेल फोन ठेवून निघाला. त्याच्या अंगात पंचवीस वर्षांचा पोरगा संचारला होता. बोळातून जाताना त्याच्या ओठांवर जुन्या नाचातली एक धून आली, आणि ती शिटीतून बाहेर पडली.

विल्फ तिथेच भिंतीला टेकून डुकराच्या मांसाची पॅटी खात होता. त्याने शांतपणे बोटं पुसली.

“मिस्टर पारगेटर, शिटी.”

“मूर्खासारखं बोलू नकोस. पाच मिनिटांत हाफ आहे.”

आजूबाजूची दारं उघडली. डिलिस बाहेर आली आणि हाताची घडी घालून उभी राहिली. आता नाही म्हटलं तर आयुष्यभराचा दरारा मातीला मिळाला असता. लायनेल दात खात, ड्रेसिंग गाऊन आणि सपातांवर रस्त्यावर गेला. दार मागे लागलं.

भुरभुर बर्फ पडत होतं. त्याने भराभर तीन गिरक्या घेतल्या आणि दार ठोठावलं.

“विल्फ! आत घे.”

त्याने पुन्हा ठोठावलं.

“ऑडी! तू तरी उघड!”

“मी शिटी ऐकली नाही, साहेब,” ऑडी आतून म्हणाला. “दुसऱ्याने हात लावायचा नाही, तुम्हीच सांगितलंत.”

“विल्फ, आज तो लंडनचा माणूस येतोय. माझ्यासाठी येतोय रे! हात जोडतो, उघड!”

तेवढ्यात आतल्या स्पीकरवर रंगमंच व्यवस्थापक ब्रेंडाचा आवाज आला, “मंडळी, हाफ.” मग तिची पावलं वाजली. “पारगेटर आत आहेत?”

“नाहीत,” विल्फ म्हणाला, आणि मगच त्याने दार उघडलं. “या, मिस्टर पारगेटर.”

“ब्रेंडा, हा सरळसरळ डाव आहे!”

“असेल,” ब्रेंडा वहीतून मान वर न करता म्हणाली. “त्या दिवशी डिलिससाठी मी तुमच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. तेव्हा नियम सांगितलात. हाफला तुम्ही आत नव्हतात. विल्फ, कोट घाल.”

विल्फ जाता जाता थांबला. “घरी जा,” तो म्हणाला. “सूप प्या.”

पुढचं लायनेलला पाठ होतं.

तो घरी गेला नाही. ऑडीच्या खोलीत स्पीकरखाली बसला. विल्फने अडखळावं, विसरावं, घामाने थबथबावं, एवढीच त्याची इच्छा होती. दुसऱ्या अंकात म्हातारा गिरणीमालक मृत्युपत्र वाचून दाखवतो, तिथे लायनेल नव्वद प्रयोग गर्जत आला होता. विल्फने ते हळू, लाजत वाचलं. थिएटर खो खो हसलं, आणि मग एकदम इतकं चिडीचूप झालं की लायनेलने मान वर करून स्पीकरकडे पाहिलं.

“हे त्याला कोणी शिकवलं?” त्याने विचारलं.

“तीन महिने विंगेत उभा राहून तुमचंच बघत होता की.”

“मग माझ्यासारखं का करत नाही?”

“काय करायचं नाही, तेच तर बघत होता, साहेब,” ऑडी म्हणाला आणि चहा ओतायला वळला.

लायनेलने स्पीकर बंद करायला हात वर नेला, पण बटणाला लावला नाही. ओल्या सपाता पायात तशाच ठेवून तो शेवटचा पडदा पडेपर्यंत ऐकत राहिला.