चाळीस खणांचं अक्षर

एका अक्षरावर मी सव्वीस वर्षं घालवली. लोक हसायचे, मी हसू दिलं.

झी हे अक्षर दिसायला केवढंसं. वर एक टिंब आणि खाली नागमोडी उतरत गेलेली रेघ. आमच्या गावामागच्या टेकडीवर विद्यादेवाचं देऊळ आहे, तिथे चढणारी वाट अशीच वळत जाते, म्हणून तिला सगळे झीची वाटच म्हणतात. आमच्या लिपीत एक अक्षर म्हणजे एक शब्द, पण जुन्या ग्रंथांत हे अक्षर कुठल्या वेषात भेटेल याचा नेम नाही. कधी ते ‘राजाचा घोडा’ यातला ‘चा’ असतं. कधी ‘तो’, कधी ‘हे’. कधी चक्क ‘जाणे’ होऊन चालायला लागतं. आणि कधी त्याला काहीच अर्थ नसतो, ओळ म्हणताना दम घ्यायला जागा हवी म्हणून नुसतं येऊन बसतं. ज्याच्यावर विश्वास बसत नाही त्याची पाठ सोडायची नाही, हा माझा स्वभाव. या अक्षरावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

म्हणून प्रत्येक वापराची एक चिठ्ठी केली. वर मोठं झी, खाली बारीक अक्षरात ते वाक्य आणि माझं टिपण. एका बंद पडलेल्या औषधाच्या दुकानातून चाळीस खणांचं कपाट आणलं आणि चिठ्ठ्या लावत गेलो. नवीन वर्षाच्या आत पुस्तक पुरं केलं तर जिल्ह्याच्या पाठशाळेचे प्रमुख ते लाकडी ठशांवर कोरून छापणार होते. प्रांताच्या परीक्षेत तीनदा आपटलेल्या माणसाचं नाव उरायचं तर याच एका रस्त्याने. आणि घाई करायला कारण होतं. माझा डावा डोळा दुधाळ झाला होता, उजवाही त्याच मार्गाला लागला होता. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

नवव्या महिन्यात एक खण उघडला, तर आत एकच चिठ्ठी. बोटं फिरवून पाहिली. एकच. दुसरा खण उघडला, तिथेही एकच. मग सगळेच उघडले. चाळीसपैकी एकतीस खण तसेच निघाले.

उंदीर असा नीटनेटका हिशेब करत नाहीत. चोर असता तर सगळंच नेलं असतं. प्रत्येक खणात एक चिठ्ठी मागे ठेवायची, म्हणजे ही थट्टा होती, आणि अशी थट्टा शिकलेल्या माणसालाच सुचते. कपाटाची मांडणी माझ्याशिवाय एकालाच ठाऊक होती, शिंग मोछिंगला. आम्ही लहानपणी एकाच गुरूच्या छड्या खाल्ल्या. सव्वीस वर्षं तो रोज दुपारी माझ्याकडे चहाला यायचा आणि नवी चिठ्ठी झाली की मी त्याला वाचून दाखवायचो. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. रोज येतो कशाला? परीक्षेत तोही आपटलेला. त्यालाही नाव हवंच असणार.

मी कपाटासमोर तांदळाचं पीठ भुरभुरून ठेवलं. सकाळी वाकून पाहिलं तर जमीन स्वच्छ.

“अगं, इथलं पीठ कुठे गेलं?”

“सांडलं होतं, झाडून घेतलं,” बायको म्हणाली. “तुम्हाला हल्ली सांडलेलं दिसत नाही वाटतं.”

मग कपाटाला पितळी कुलूप ठोकलं. माझ्याकडे किल्ल्या टिकत नाहीत, म्हणून किल्ली बायकोच्या कमरेला. पाच दिवसांनी पाहतो तर कुलूप शाबूत आणि आणखी तीन खणांत एकेकच चिठ्ठी! तेव्हा आठवलं, शिंगचे वडील कुलुपं करायचे. माझी खात्रीच पटली. उरलेल्या एकेक चिठ्ठ्या मी बाहीत घालून हिंडू लागलो, वेळ आली तर न्यायाधीशापुढे पुरावा म्हणून.

त्या आठवड्यात चहाच्या दुकानात शिंग दोन पोरसवदा विद्यार्थ्यांना समजावत होता. “आणि कधी कधी हे झी नुसतं दम घ्यायला येतं. त्याला अर्थ विचारायचा नाही.”

शब्द माझे! मी उठलो ते कप सांडतच.

“हे कुठे वाचलंस, शिंग?”

“कुठे म्हणजे? तूच सांगितलंस की. पुराच्या वर्षी, माळ्यावर बसून.”

“माळ्यावर सांगितलं की माझ्या खणातून उचललंस?”

चहाबरोबर कलिंगडाच्या बिया फोडून खाणारे थांबले. शिंग हसायला गेला, पण माझं तोंड बघून त्याचं हसू विरलं.

“ताओ, शुद्धीवर आहेस का?”

“बाह्या झटक. झटक म्हणतो ना, सगळ्यांसमोर!”

पांढऱ्या दाढीच्या त्या माणसाने खरंच दोन्ही बाह्या उलट्या केल्या. एक हातरुमाल पडला. थोड्या बिया पडल्या. आणि वाळलेल्या शेवंतीची एक पुडी.

“ही तुझ्यासाठी होती,” तो म्हणाला. “चहात घालून घे. डोळ्यांना चांगली. वहिनी काळजीत असतात.”

मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, पाहा, माझे डोळे गेल्याचं याला ठाऊक आहे, म्हणूनच हा एवढा धीट झाला. “आजपासून माझ्या दारात पाऊल टाकू नकोस,” असं मी ओरडून सांगितलं. तो बाह्या सरळ करून निघून गेला. पुडी कुणीतरी माझ्या हातात कोंबली.

पंधरवड्याच्या फेरीला म्हातारा मू आला. आमच्याकडे लिहिलेला कागद पायदळी तुडवत नाहीत, त्यात काही बांधत नाहीत. अक्षराचा अपमान झाला की डोळे जातात आणि मान राखला की डोळे टिकतात, असं मानतात. मू घरोघरचे असे कागद टोपलीत गोळा करतो आणि देवळाच्या अक्षरभट्टीत जाळतो, राख नदीत सोडतो. शिंगने याला फितवलं असेल या संशयाने मी त्याची टोपली हिसकावून जमिनीवर पालथी केली.

“काय शोधताय, गुरुजी?” तो वैतागला. “तुमच्या घरचा चिटोरा तरी मला मिळतो का कधी? दुसऱ्या महिन्यापासून सगळं पुण्य वहिनीच नेतात. आत्ताच वर गेल्या बघा, स्वच्छ फडक्यात बांधून.”

झीची वाट मी त्या दिवशी कशी चढलो ते माझे गुडघे जाणतात. प्रत्येक वळणावर मी नवा माणूस संशयात ओढत होतो. शिंगने तिला भरीला घातलं असेल, तिच्या भावाने घातलं असेल. तिच्यावर मात्र संशय घ्यायचं धाडस झालं नाही.

दगडी भट्टीसमोर ती उभी होती. नवा कोरा अंगरखा, हात धुतलेले. एक चिठ्ठी दोन्ही हातांनी कपाळाला लावायची, आत सोडायची, वाकायचं, मग दुसरी. मी धापा टाकत पोचलो आणि तिने शेवटची चिठ्ठी सोडली.

“अहो, तुम्ही कशाला चढलात! पाय घसरला असता तर?”

“काय करते आहेस?” मी विचारलं.

“आता सांगायला हरकत नाही. संपतच आलं.” तिचा चेहरा उजळला होता, तेवढं मला दिसलं. “दुसऱ्या महिन्यात नवस बोलले. हजार लिहिलेले कागद मानाने पोचवायचे, तुमचे डोळे परत मिळायला. गावातले कागद मू आणखी कुणाला नेऊ देत नाही. मग म्हटलं, घरात इतके पडलेत. मला वाचता येत नाही, पण ते एक अक्षर ओळखू येतं, वर टिंब असलेलं. सगळ्या कागदांवर तेच. तुम्ही इतकी वर्षं एकच अक्षर घोटून घोटून काढता, म्हणजे सरावाचेच ना? तरी प्रत्येक खणातला एक ठेवला हं, चांगला वळणदार बघून.”

मी भट्टीच्या तोंडाकडे पाहिलं. आत पांढरी राख होती.

“आज सगळे खण झाले, तरी बाराच कमी पडले,” ती म्हणाली. “तेवढ्यासाठी नवस अडायला नको होता.”

ओरडावंसं वाटलं. खरंच वाटलं. सव्वीस वर्षं मी तिच्याच घरात बसून लिहिलं आणि एकदाही तिला सांगितलं नाही, की खाली बारीक अक्षरात काय आहे. मी बाहीत हात घातला. पुराव्याच्या चिठ्ठ्यांतल्या बारा मोजून तिच्या हातावर ठेवल्या.

“ह्या घे. ह्याही सरावाच्याच.”

तिने त्या एकेक करून कपाळाला लावल्या.

तिला घरी सोडून मी शिंगच्या दारात गेलो. शेवंतीची पुडी अजून माझ्या बाहीत होती. तो दार अडवून उभा राहिला. मी सगळं सांगितलं, राखेपर्यंत. माफी मागायला आलो होतो, पण तोंडातून भलतंच निघालं.

“तू चोरल्या असत्यास तर बरं झालं असतं रे. निदान कुठेतरी असत्या.”

त्याने दाराच्या चौकटीवरचा हात काढला नाही.

“वहिनींना सांगितलंस, काय जळलं ते?”

“नाही.”

“सांगूही नकोस.” तो दारातून बाजूला झाला. “त्यांच्यासाठी आत ये. तुझ्यासाठी नाही.”

मी आत जाऊन बसलो. त्याने शाई उगाळली, कोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या कापल्या आणि माझ्याकडे न बघता ऐकलेली एकेक चिठ्ठी आठवायला सुरुवात केली. पुराच्या वर्षापासून.