पाण्याचा तुंबा

केबोन्येने मुसळ उखळात तसंच उभं धरलं आणि भावाकडे पाहिलं.

“पुन्हा म्हण.”

“आम्ही पाण्याचा तुंबा मागायला येणार,” ओतेंग म्हणाला.

“येणार? अरे, त्यांच्या अंगणात बसून ‘येणार’ म्हणालास, तर ते म्हणतील, बरं, या मग सवडीनं! आलो आहोत, म्हण.”

“आलो होतो.”

“म्हणजे येऊन परतसुद्धा गेलास!”

ओतेंगने टक्कल खाजवलं. “ताई, तुमच्या भाषेत येणं म्हणजे ‘त्ला’ आणि पुढं होणार तेही ‘त्ला’. माणसानं ओळखायचं कसं?”

“मोचुडी गावातली शेंबडी पोरं ओळखतात.”

“त्यांना शिकवायला आई असते.”

केबोन्येने मुसळ उचललं आणि जोंधळा कांडायला लागली. वडील ओतेंगला कॅनडाला घेऊन गेले तेव्हा तो पाच वर्षांचा होता. ती आणि आई इथंच राहिल्या. आईच्या मातीलाही त्याला वेळेवर पोहोचता आलं नव्हतं. आता भाच्यासाठी मागणी घालायला तेवढा तो आला होता, आणि काम उरकलं की परत जाणार होता.

केबोन्येच्या मुलाला, लेफिकाला, मासेगो नावाची मुलगी पसंत होती. पण मागणी घालायला, म्हणजे इथल्या बोलीत ‘पाण्याचा तुंबा’ मागायला, मुलाचे आईबाप जात नाहीत, आणि बोलायचं असतं ते मामानं. मामा नसेल तर पोराला आजोळ नाही, असं लोक उघड म्हणतात. “ओतेंग गप्प बसू दे, माझा भाऊ बोलेल,” असं तिच्या नवऱ्यानं सुचवलं होतं. केबोन्येला ते फार लागलं. मामा जिवंत असून मुका? मग तिनं भावाला धारेवर धरलं. काल काय झालं, आज काय चाललंय, उद्या काय होईल, हे सगळं ती त्याच्याकडून उखळापाशी, चुलीपाशी, बकऱ्या कोंडताना वदवून घेत होती. विद्यार्थी गुणी होता, पण क्रियापदांचे काळ त्याच्या हातात टिकत नव्हते.

ठरल्या दिवशी उजाडता उजाडता मंडळी निघाली. पुरुष कोटात, बायका शाली पांघरून. ओतेंगने कोटाची सगळी बटणं लावली होती आणि ओठ हलत होते. केबोन्येची नणंद सेलिना गाडीत चढताना म्हणाली, “बाई, काळजी करू नकोस. अडलाच तर मी खोकेन.”

केबोन्ये मागं राहिली. तिनं अंगण झाडलं आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. लेफिका दोनदा येऊन “काही कळलं का?” विचारून गेला, तिसऱ्यांदा तिनं त्याच्यावर झाडू उगारला. पोराचं लग्न टांगणीला होतंच, पण तिला खरी धास्ती वेगळीच होती. भाऊ तिथं फजीत झाला, तर पुन्हा कधी या गावाकडं तोंड वळवणार नाही.

ऊन चांगलं तापल्यावर गाडी आली. ओतेंग सगळ्यात शेवटी उतरला, तोही मान खाली घालून.

“ताई, माफ कर,” तो म्हणाला. “त्यांनी परत पाठवलं.”

“परत पाठवलं म्हणजे?”

“मी सगळं बरोबर बोललो होतो. आलो आहोत, तुंबा मागतो आहोत, सगळं. मग त्यांच्या म्हाताऱ्यानं भलतंच विचारलं. ‘मामा, इतकी वर्षं होतास कुठं?’ ते आपण शिकलोच नव्हतो.”

“मग?”

सेलिना शाल सावरत पुढं झाली. “मग काय! तुझ्या भावानं काळांची अशी खिचडी केली की काल उद्याच्या डोक्यावर बसला. मी खोकून खोकून दमले, याचं लक्षच नाही. म्हणाला, मी दूर होतो. भाषा हरवली. ताई शोधून देते आहे. पण एकही माणूस हसला नाही बरं का. विचारणाऱ्या म्हाताऱ्या मोत्सुमींनी हातातली काठी खाली ठेवली. मग म्हणाले, ऐकलं आम्ही. कापणी झाली की या, आणि बोलायला हाच मामा आणा.”

केबोन्येने तोंडावर हात ठेवला आणि दुसऱ्याच क्षणी अंगण दणाणून जाईल अशी आनंदाची किलकारी दिली. शेजारच्या कोंबड्या उधळल्या.

ओतेंग बघतच राहिला. “अगं, पण हो कुठं म्हणाले ते?”

“वेड्या, पहिल्याच दिवशी हो म्हणणारं घर पोरीला उजवून मोकळं व्हायला टपलेलं असतं! नाही म्हणायचं असतं तर फाटकच उघडलं नसतं. आणि मामा हाच हवा म्हणाले ना? आणखी काय हवंय तुला?”

“मग मी चुकलो नाही?”

“ढीगभर चुकलास,” सेलिना म्हणाली आणि लेफिकाला सांगायला मागल्या दारी गेली.

हसता हसता केबोन्येच्या लक्षात आलं, आणि तिचं हसू मावळलं. अजून पेरणीसुद्धा व्हायची होती. कापणीच्या वेळी भाऊ टोरांटोत असणार. ‘थांब’ म्हणण्याचा हक्क होता, पण नकार ऐकायचं बळ नव्हतं.

ओतेंग कोटाची बटणं एकेक करून काढत होता.

“कापणी जोंधळ्याचीच ना?”

“हो.”

“आईचं शेत यंदा कोण पेरतंय?”

“कुणी नाही. तण माजलंय नुसतं.”

त्यानं कोट काढून कुंपणावर टाकला आणि उखळाशेजारच्या बुटक्या स्टुलावर, रोजच्या जागी, येऊन बसला.

“नांगर मागायला कुणाकडं जायचं?” तो म्हणाला. “आणि तिथं काय म्हणायचं, ते सांग.”