व्हिसाच्या आधीची उपकारस्तुती

आमच्या चर्चच्या मंडळीत उपकारस्तुती कशासाठीही होते. नवा फ्लॅट, पित्ताशयातला खडा, मुलाची बारावी, एकदा तर जुनी गाडी विकली गेली म्हणूनसुद्धा झाली होती. घरी पन्नास-साठ माणसे बोलवायची, गाणी म्हणायची, पाळकसाहेबांनी वचनावर थोडे बोलायचे, घरच्या कर्त्याने साक्ष देऊन, म्हणजे देवाने काय केले ते सांगून, प्रार्थना करायची आणि मग जेवायचे. साधारण नियम असा की आधी देवाने करावे आणि मग आपण आभार मानावेत. मी मात्र सईच्या जर्मनीच्या व्हिसाची उपकारस्तुती व्हिसा यायच्या आधीच ठेवली. याला आमच्यात विश्वास म्हणतात. माझी बायको किशोरी याला दुसरे काहीतरी म्हणाली, पण ते इथे लिहिण्यासारखे नाही.

सई आमची एकुलती एक. बी.एस्सी. नर्सिंग. दीड वर्ष वाशीला जाऊन जर्मन शिकली, परीक्षा पास झाली, तिकडच्या एका इस्पितळाने मुलाखत घेऊन करारपत्रही पाठवले. उरला होता फक्त व्हिसा. मी तळोज्याच्या एका कारखान्यात रंगांची गुणवत्ता तपासतो, त्यामुळे मोघमपणा मला चालत नाही. माझ्या प्रार्थनेतही शहर, महिना आणि शक्यतो दिवसाचे विमान असा तपशील असायचा. शेवटी 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' हे असायचेच, अर्जाच्या खाली 'आपला विश्वासू' असते तसे. उलव्याच्या बाजूला एवढा मोठा विमानतळ झाला, त्यामागे देवाचा हेतू काय यावर लोकांची वेगवेगळी मते असतील. माझे मत पक्के होते.

प्रार्थना शनिवारी संध्याकाळी. मंगळवारी मंडळीच्या ग्रुपवर निमंत्रण टाकले, इलियासभाईंना बिर्याणी सांगितली. बुधवारी कारखान्यातून आलो तर सई स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून मेथी निवडत होती. गॅस संपलाय हे ज्या आवाजात सांगतात त्या आवाजात तिने सांगितले की जर्मनीला तिने नाही म्हणून कळवले आहे.

सातपुड्याच्या पायथ्याशी मिशनचे एक तीस खाटांचे इस्पितळ आहे. शेवटच्या वर्षाला ती तिथे महिनाभर होती. तिथली नर्स निवृत्त झाली, दुसरी कोणी टिकत नाही, म्हणून त्यांनी हिला विचारले. हिने दोन महिने प्रार्थना केली आणि हिला नक्की कळले. दोन महिने आम्ही एकाच घरात, एकाच टेबलाशी बसून एकाच देवाकडे प्रार्थना करत होतो आणि तो दोघांचेही ऐकून घेत होता, ही गोष्ट मला जरा खटकली.

मी शांतपणे बोललो. जर्मनीतही माणसे आजारी पडतात आणि तिथेही देवाची सेवा करता येते, हे समजावले. दोन वर्षे तिकडे काढून मग सातपुड्याला जा म्हटले. तिला सगळे मुद्दे मान्य होते. सईचे हेच अवघड आहे. ती मुद्दा मान्य करते आणि मेथी निवडत राहते.

"पण हे ठरवलं कोणी?" मी शेवटी विचारले.

"तुम्हीच ना, पप्पा. मला देऊन टाकलंय म्हणता."

"कोणाला?"

"देवाला. दर साक्षीत सांगता."

ते खरे होते. सई सातव्या महिन्यात जन्मली. वजन सव्वा किलो. एकोणीस दिवस काचेच्या पेटीत होती. नवव्या दिवशी डॉक्टरांनी सांगितले की कोणाला बोलवायचे असेल तर बोलवून घ्या. मी त्या काचेपाशी उभा राहिलो आणि म्हटले, हिला वाचव, मग ही तुझी, कुठेही ने. तेवढेच. त्या दिवशी तपशील सुचले नव्हते.

ती वाचली. तेव्हापासून ही साक्ष मी तिच्या प्रत्येक वाढदिवसाला दिली, तरुणांच्या शिबिरात दिली, अलिबागच्या मेळाव्यात दोनदा दिली. साक्ष चांगलीच आहे. पेटी आली की बायका डोळ्यांना पदर लावतात. कुठे थांबायचे, कुठे आवाज खाली आणायचा, हे मला आता झोपेतही जमेल. चोवीस वर्षे सांगून सांगून ती इतकी गुळगुळीत झाली होती की मला स्वतःला कुठे टोचायची बंद झाली होती.

"सई," मी म्हणालो, "ते बोलायचं असतं."

शेगडीपाशी भाजी परतणाऱ्या किशोरीने गॅस बंद केला. भाजी अर्धी कच्ची होती.

"अहो, मग त्या काचेपाशी उभं राहून तुम्ही काय केलंत?" ती म्हणाली. "नुसतं बोललात?"

रात्रीचे जेवण तिघांनी अतिशय सभ्यपणे केले.

गुरुवारी मी पाळकसाहेबांकडे गेलो. मुलगी भावनेच्या भरात आहे, तुम्ही तिला जरा समजवा, हा माझा उद्देश. मी मात्र असे म्हटले की ही खरोखर देवाची इच्छा आहे का हे पारखायला हवे. त्यांनी चहा मागवला आणि जर्मनी ही देवाची इच्छा आहे हे मी कसे पारखले ते विचारले. मी सांगितले, एकेक दार आपोआप उघडत गेले. मग त्यांनी विचारले, व्हिसा नाकारला असता तर काय म्हटले असते? मी म्हटले, सैतानाचा अडथळा, आणखी प्रार्थना करायची.

"म्हणजे देवाला नाही म्हणायची सोयच ठेवली नव्हती तुम्ही," पाळकसाहेब म्हणाले. चिडून नाही. बिस्किटाची बशी पुढे सरकवतच म्हणाले.

मी विषय बदलला. आता शनिवारचे काय करायचे, ग्रुपवर काय कळवायचे, कारण तरी काय द्यायचे, हे विचारले.

"रद्द कशाला करता? मुलगी आहे ना घरात?"

"आहे."

"मग आभार मानू की."

शुक्रवारी मी रंगांचे चार नमुने चुकीचे पास केले. माझ्या हाताखालच्या प्रितमने ते परत आणून दाखवले आणि तब्येत बरी नाही का म्हणून विचारले. तब्येत बरी होती. मुलगी आहे ना घरात, एवढेच डोक्यात फिरत होते. नवव्या दिवशी जिच्यासाठी डॉक्टरांनी नातेवाईक बोलवायला सांगितले होते ती मुलगी पुढे शाळेत गेली, गोवर काढला, गणितात नापास झाली, माझी स्कूटर शिकता शिकता खांद्याला प्लास्टर घालून आली. हे सगळे मिळाले होते. यातल्या एकाही गोष्टीसाठी मी कधी उपकारस्तुती ठेवली नव्हती. माझ्या प्रार्थनांत आभार असायचे, पण ते प्रस्तावनेपुरते. पुढे लगेच मागणी सुरू.

मी मोठा आवाज करून माझ्या टेबलाचा खण उघडला आणि उगाचच बंद केला. डोळे पुसायचे असले की माणसाला काहीतरी करावे लागते.

शनिवारी छप्पन माणसे आली. महिला मंडळाच्या दमयंतीबाईंनी विमानाचे चित्र असलेले कार्ड आणले होते. गाणी झाली. पाळकसाहेब नेहमीपेक्षा कमी बोलले आणि माझ्याकडे बघून खाली बसले. मी उठलो. दोन-तीन बायकांनी रुमाल काढून तयार ठेवलेले मला दिसले.

मी सांगितले की सई जर्मनीला जात नाही, सातपुड्याला जाते आहे. हे मला बुधवारी कळले आणि शुक्रवारपर्यंत मान्य नव्हते. पेटीचे काही बोललो नाही. मग डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली.

"प्रभू, तू आम्हाला ही मुलगी दिलीस. चोवीस वर्षं आमच्या घरात ठेवलीस. आम्ही आभारी आहोत. आता तू म्हणशील तिथे तिला ने."

पुढे काही सुचेना. आमेनही म्हणवेना. छप्पन माणसे डोळे मिटून वाट बघत होती. कोणीतरी खोकले. खाली कोणाचीतरी गाडी रिव्हर्स येत होती, ती पूर्ण लागून बंद झाली. माझ्या हाताला थंड बोटे लागली आणि सई शेजारून हळूच म्हणाली, "आमेन."

मग सगळ्यांनी म्हटले. दमयंतीबाईंनी विचारले की तिथे रेंज तरी असते का. सई म्हणाली, टेकडीवर चढलं की असते. त्यावर सगळे हसले आणि घर मोकळे झाले. बिर्याणी वाढतानाच दमयंतीबाईंनी तिथे काय काय लागते ते सईकडून लिहून घ्यायला सुरुवात केली. चादरी, टॉर्च, लहान बाळांच्या टोप्या. कार्ड मात्र त्यांनी परत पर्समध्ये ठेवले; आमच्या मंडळीत आणखी दोन मुली जर्मन शिकताहेत.

भांडी न्यायला इलियासभाई आले तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले. व्हिसासाठी दुआ चालली होती एवढेच त्यांना माहीत होते.

"मग कबूल नाय झाली म्हणा," ते म्हणाले.

"झाली," मी म्हटले. "जुनी होती एक. ती झाली."

त्यांनी मान हलवली आणि देग उचलायला मला एका बाजूने हात लावायला सांगितले.

सोमवारी सकाळी आम्ही तिघे पनवेलच्या स्टँडवर होतो. धुळ्याची गाडी, तिथून शहादा, पुढे इस्पितळाची जीप. किशोरीने डब्याच्या पिशवीला तिसरी गाठ मारली. सई दारातून म्हणाली, "पप्पा, प्रार्थना करा ना." कंडक्टरने दोरीला हात घातला होता. तो थांबला. "होऊ द्या काका," म्हणाला, "पण थोडक्यात."

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोडक्यात झाली.

गाडी गेली. किशोरी रिक्षाने घरी निघाली. पहिली पाळी मी कळवून चुकवली होती, दुसरीला अजून वेळ होता. तळोज्याची बस समोर उभी होती, जवळपास रिकामी. चढलो. या बसमध्ये इतक्या वर्षांत पहिल्यांदाच खिडकीची जागा मिळाली. ऊनही त्या बाजूला नव्हते. मी त्याचेही आभार मानले.