पट्टी पांढरीच होती

ऑपरेशनच्या कात्र्या-चिमटे पाकिटात बंद करून वाफवायच्या त्या खोलीत एकच नियम होता. पाकिटावरची पट्टी काळी झालेली बघायची, मगच सही. पट्टी पांढरी म्हणजे वाफ पोहोचलीच नाही. हा नियम तिथल्या सर्वांत जुन्या कामगार मावशींनीच लावलेला, आणि आज त्यांच्याच सहीचं पाकीट पांढऱ्या पट्टीनिशी थिएटरमधून परत आलं. नर्सचं लक्ष गेलं म्हणून पेशंट वाचला.

खोलीची इन्चार्ज होती ठेंगणी; बुटकी म्हणून मावशींनीच पाडलेलं नाव. तिला हे काम हात धरून शिकवलं ते मावशींनी. तिने तक्रारीचा कागद ओढला आणि कारणाच्या रकान्यात ठोकून दिलं, 'मशीन मध्येच बंद पडलं.'

मावशी खांद्यावरून डोकावल्या. "पडलं होतंच. पण सही काय मशीनने केली?"

"चार महिन्यांत रिटायर होताय, मावशी. जाऊ द्या ना."

"न बघता सही केली मी. कशी जाऊ देऊ?"

"मग काय, शिक्षा केली की या वयात सुधारणार आहात?"

"छे!"

"जरब तरी कुणाला बसवायची? इथे आपण दोघीच."

"तेही खरं."

"मग कशाला छळताय मला?"

मावशी समोर बसल्या. "तू नवी असताना हेच केलं होतंस. चार आठवडे सिंकवर उभी केली तुला, रक्ताची हत्यारं घासायला. रागाने नव्हे गं. तुला अक्कल होती म्हणून. मांजराने दूध सांडलं तर आपण फडकं घेतो, त्याला जाब विचारत नाही. मला मांजर करू नकोस, ठेंगणे."

ठेंगणीला ते झोंबलं. असली दया म्हणजे जिवंत माणसाला अडगळीत टाकणं. वर टाकणाऱ्याला वाटतं, आपण केवढे मोठ्या मनाचे!

तिने रकाना खोडला. खरं ते लिहिलं. खाली लिहिलं, 'तीन आठवडे सिंक.'

"तीन? मी चार दिले होते."

"अहो, तुमचे गुडघे..."

"गुडघ्यांनी सही केली नाही."

ठेंगणीने डोळे पुसत तिनाचे चार केले.

दुसऱ्या दिवशी मावशींनी घासलेली पहिली कात्री तिने भिंगाखाली धरली. सांध्यात बारीकसा डाग. तोंडाशी आलं होतं, असू दे, मीच पुसते.

"मावशी, ही परत घासा."

"कुठे राहिलं?"

"सांध्यात."

मावशींनी कात्री उजेडात धरली, मान हलवली, ब्रश उचलला. ठेंगणी बाजूला तशीच उभी राहिली, कात्री पुन्हा हातात येईपर्यंत.