चपला बाहेर

सत्यशीलाने आयुष्यात एकच नारळ फोडला, आणि तोही कॉम्प्युटरपुढे.

तिच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती. तिचे वडील खुशालभाऊ छप्पन साली ब्रह्मपुरीहून चांद्याला गेले, बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परत आले आणि घरातले सगळे देव त्यांनी वैनगंगेत सोडून दिले. त्यानंतर त्या घरात नारळ आला तो फक्त चटणीसाठी. लेक गणित शिकली, बी.एड. झाली, गावातल्याच शाळेत लागली, तेव्हा म्हातारा धुतलेलं धोतर नेसून तिला फाटकापर्यंत पोचवायला आला होता. आणि आता हीच लेक सरस्वतीच्या तसबिरीपुढे नारळ फोडून घरी आली. खुशालभाऊंच्या कानावर ते संध्याकाळपर्यंत गेलंच. ब्रह्मपुरीत अशी बातमी पोचवायला लोकांना सायकलसुद्धा लागत नाही.

जेवताना ते एवढंच म्हणाले, "पोरींसाठी केलं म्हंतेस, तं असंल. पन आपन ज्या देवाले सोडलं, त्याले तू त्या पोरींच्या मागं काऊन लावलं?"

सत्यशीला चिडली आणि ताटावरून उठली.

झालं होतं असं. सत्त्याऐंशी साली सरकारच्या मनात काय आलं कोण जाणे, शाळेला दोन कॉम्प्युटर मिळाले. पावसाळ्यात ज्या गावची वीज दोन-दोन दिवस गायब असते, त्या गावाला कॉम्प्युटर! मुख्याध्यापक गुणवंतरावांनी भूगोलाची खोली रिकामी केली, खिडक्यांना जाड पडदे लावले आणि दाराला भलंमोठं कुलूप ठोकलं. नागपूरला शिकायला कोण जाणार म्हटल्यावर एकेका मास्तराची कंबर दुखायला लागली. म्हणून सत्यशीलाला पाठवलं. ती परत आली ती वेड लागल्यासारखी. या यंत्राला अंगातली ताकद लागत नाही, दांडगा आवाज लागत नाही, ते कुणाला जात विचारत नाही. डोकं शांत हवं आणि चिकाटी हवी. हे तर आपल्या पोरींचंच काम आहे, असं तिच्या मनाने घेतलं.

पण वर्गाला आली ती सगळी मुलं. मुलींपैकी एकही नाही. मग सत्यशीला घरोघर फिरली. कुणी म्हणे डोळे जातात, कुणी म्हणे बंद खोलीत पोट्ट्यांसंगं पोरगी कशी बसवायची, आणि कुणी तोंडावरच म्हणे, "आमच्या पोरीले टीवीच्या डब्ब्यापुढं बसवून का करायचं हाय, बाई?" ती चहा पिऊन परत येई. चहा मात्र सगळ्यांनी पाजला.

शेवटी ती सोमाजीच्या घरी गेली. सोमाजीची धानाची शेती, बायको बायनाबाई, आणि दहावीतली लेक कौतिका. कौतिका म्हणजे सत्यशीलाचा जीव. गणित फळ्यावर लिहून होण्याआधी ही पोर मान खाली घालून हसायची. उत्तर आलेलं असायचं, पण हात वर करायची लाज.

बायनाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "बाई, त्या खोलीत चपला घालून जाऊ देत नाई म्हंते, खरं हाय का?"

चपला बाहेर काढायच्या त्या धुळीमुळे. यंत्रात धूळ गेली की ते बिघडतं. सत्यशीला हेच सांगणार होती. पण तिने बायनाबाईचा चेहरा पाहिला. त्यावर संशय नव्हता, भक्ती होती. इतक्या घरांतून हात हलवत परतलेल्या सत्यशीलाला पहिल्यांदाच एक दार किलकिलं दिसलं.

"हो," ती म्हणाली. "सरस्वतीचं ठाणं हाय थे."

बायनाबाईने सूप खाली ठेवून हात जोडले. दुसऱ्या दिवशी कौतिका आली. आठवड्याभरात दहा-बारा पोरी आल्या. गुणवंतरावांना तर ही कल्पना इतकी आवडली की त्यांनी तसबीर आणली, कॉम्प्युटरच्या कपाळावर, म्हणजे कपाळ असतं तिथे, हळदकुंकू लावलं आणि नारळ सत्यशीलाच्याच हातात दिला. "तुमचीच कल्पना, बाई. तुमचाच मान." ती नाही कशी म्हणणार? पोरी रांगेत उभ्या होत्या.

आणि शिकल्या हो पोरी! कौतिका तर सगळ्यांच्या पुढे गेली. तिने बापासाठी एक प्रोग्राम लिहिला. धानाची जुनी मापं, खंडी आणि कुडव, टाकायची, की किलो आणि क्विंटल पडद्यावर हजर. सोमाजी मुद्दाम तो पाहायला आला, चपला बाहेर काढून, टोपी हातात धरून. व्यापाऱ्याच्या काट्यापुढे जन्मभर गप्प बसलेल्या त्या माणसाने पडद्याकडे बराच वेळ पाहिलं आणि लेकीला विचारलं, "हे तूच केलं?" बाहेर येऊन त्याने डोळे पुसले, आणि खोलीत गरम होतं म्हणून डोळ्यांत घाम गेला असं सगळ्यांना सांगितलं.

महिन्यातले काही दिवस एकेक पोर कॉम्प्युटरला गैरहजर राहायची. सत्यशीलाला ते कळत होतं. वर्गात यायच्या, गणिताला बसायच्या, कॉम्प्युटरच्या खोलीकडे मात्र फिरकायच्या नाहीत. आधी शिकू दे, मग सांगू, असं ती स्वतःला सांगायची. दिवाळीनंतर विजेचा दाब एकदम वाढला आणि दोनातला एक कॉम्प्युटर धूर सोडून बंद पडला. गावात मात्र बोललं गेलं की कोणतीतरी पोर बाहेरची असताना आत गेली असणार. दोन आयांनी आपल्या पोरी घरी बसवल्या. तेव्हा तरी बोलायचं होतं. पण सत्यशीला त्या दोघींच्या दारी गेली आणि म्हणाली, "आमच्या पोरी समदं पाळतात." पोरी परत आल्या.

मग माघात खबर आली. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्ही जिल्हे मिळून एक मुलगी निवडायची, दहावीनंतर नागपूरला कॉम्प्युटरच्या शिक्षणाला, राहण्या-जेवणासकट. निवड करायला साहेब शाळेत येणार, मुलीने त्यांच्यासमोर यंत्रावर काम करून दाखवायचं. कौतिकाला वरोऱ्याकडचं स्थळ आलेलंच होतं. सोमाजी म्हणाला, "निवडली तं पाठवतो, बाई. माह्या जबानीवर राहा. नाई निवडली तं मले पावने सांभाळू द्या." यात खोट काढायला जागा नव्हती. सत्यशीलाने त्याच्या शब्दावर भरवसा ठेवला, आणि कौतिकावर त्याहून जास्त.

त्या दिवशी साहेब आले, जीप उभी राहिली, चहा झाला, आणि कौतिका आली नाही.

सत्यशीला धावतच सोमाजीच्या घरी गेली. कौतिका परसात, गोठ्याच्या कडेला पोत्यावर बसली होती. पुढ्यात वेगळी थाळी, वेगळा गडवा. न विचारताच सगळं कळलं.

"ऊठ," सत्यशीला म्हणाली. "साहेब थांबलेत. ऊठ लवकर."

बायनाबाई स्वयंपाकघराच्या दारात आली. तिचे डोळे रडून सुजले होते. "पोरगी कशी येईल, बाई? सकाळपासून देवाले दोष देऊन राह्यली मी. आजचाच दिवस भेटला का म्हनून."

"काही देव-बीव नाई तिथी, बायनाबाई. मशीन हाय. तारा आन काच. धुळीसाठी चपला काढतो आपन. मी खोटं..."

"हळू बोला, बाई," कौतिका एकदम म्हणाली.

कुंपणापलीकडे दोन बाया कपडे वाळत घालायचं सोडून उभ्या होत्या. दोघींच्याही पोरी कॉम्प्युटरला यायच्या.

"तुमचं येगळं हाय, बाई," बायनाबाई खाली बघत म्हणाली. "तुमच्यात पाळत नाई. आमाले पाळावं लागते." ती वाईट बोलली नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं.

सत्यशीला पोत्याजवळ खाली बसली. तिने कौतिकाचा हात धरला. बायनाबाईने "अगोबाई" म्हणून तोंडावर पदर घेतला. "चाल माह्यासंगं," सत्यशीला म्हणाली. "तुले माहा भरवसा नाई का?"

कौतिकाने हात सोडवून घेतला. "मी नाई येत, बाई," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज पक्का होता.

सत्यशीला परत आली. पोरीची तब्येत बरी नाही, दोन-चार दिवसांनी बघा, असं तिने हात जोडून विनवलं. साहेबांना गडचिरोली गाठायची होती. त्यातला एक साहेब पान लावत समजुतीने म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. मुलींना यात मुळात गोडी नसते, हे आम्ही सगळीकडे पाहतो." सत्यशीलाला ओरडावंसं वाटलं. पण खरं कारण सांगायचं तर त्याच्या मागचं स्वतःचं खोटंही सांगावं लागलं असतं. जीप धूळ उडवत गेली. तीच धूळ, जिच्यासाठी चपला बाहेर काढायच्या होत्या.

सोमाजीने शब्द पाळला. वैशाखातली तारीख धरली.

एप्रिलात सकाळची शाळा असताना कौतिका आईबरोबर लग्नाच्या अक्षता द्यायला आली. बायनाबाई गुणवंतरावांच्या खोलीत गेली आणि कौतिका कॉम्प्युटरच्या दाराशी आली. नव्या बांगड्या, केसांना तेल. तिने चपला काढल्या, आत आली आणि खुर्चीत बसली. धानाचा प्रोग्राम चालवून पाहिला. काही आकडे टाकले, उत्तर आलं, आणि ती पूर्वीसारखीच मान खाली घालून हसली.

सत्यशीलाला राहवलं नाही. "कौतिका, मी तुले फसवलं. ह्याच्यात देव नाई, गं. तू त्या दिवशी आली असती तं काई झालं नसतं."

"मले मालूम हाय, बाई."

"काय मालूम हाय?"

"मशीन हाय म्हनून. पयल्याच दिवशी मालूम झालं. तुमी मांगचं झाकन उघडून तारा दाखवल्या होत्या ना." तिने बोटाने पडद्यावरची धूळ पुसली. "पन त्या दोघी पाहून राह्यल्या होत्या. मी तशी आली असती तं गावभर झालं असतं. समद्या आयांनी पोरी घरी बसवल्या असत्या. येक कॉम्प्युटर आधीच जळला होता. मंग तुमाले कोनं पोरी दिल्या असत्या, बाई?"

सत्यशीलाने पडद्यावरच्या आकड्यांकडे पाहिलं.

"मी येकटीच तं होती," कौतिका म्हणाली. "त्या बारा जनी हायेत."

तिने ओच्यातल्या पिवळ्या अक्षता काढून सत्यशीलाच्या तळहातावर ठेवल्या, वाकून पाया पडली, दाराबाहेर चपला घातल्या आणि आईमागे निघून गेली.

तिला शाळेच्या फाटकापर्यंत तरी पोचवावं म्हणून सत्यशीला चपला घालून बाहेर आली, पण पाऊल पुढे पडेना. ती तशीच मागे वळली आणि कौतिकाच्या खुर्चीत येऊन बसली. बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की आपल्या पायांत चपला आहेत. पडद्यावर कौतिकाचे आकडे तसेच उभे होते. कॉम्प्युटरला काही झालं नव्हतं. ती ओक्साबोक्शी रडली.

घंटा झाली. नववीच्या पोरी आल्या, दाराशी चपलांची रांग लागली, आणि सगळ्यात पुढची पोर उंबऱ्यावरच थबकली. ती कुंपणापलीकडच्या दोघींपैकी एकीची लेक होती.

"बाई, तुमच्या पायात चपला?"

बाकीच्या पोरीही पाहू लागल्या. बारा तोंडं, बारा आया, आणि बारा घरांत संध्याकाळी सांगितलं जाणारं उत्तर. सत्यशीलाने तोंड उघडलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण त्या खोट्याची किंमत आता कौतिकाने भरून टाकली होती, आणि ते मोडायचा हक्क एकट्या सत्यशीलाचा उरला नव्हता.

"चुकलं, पोरींनो," ती म्हणाली. अक्षतांची मूठ तशीच घट्ट धरून ती बाहेर गेली आणि चपला काढून आत आली.